गावडेवहिनींची सुनावणी

लालबागच्या आमच्या चाळीत तिसऱ्या माळ्यावर, जिन्याला लागून आमची दीड खोली होती आणि त्या दीड खोलीतच आईची खाणावळ चालायची. बायकापोरं मालवणकडे ठेवून गिरणीत लागलेले आठदहा पुरुष आमच्याकडे जेवायला येत. कुणाची पहिली पाळी, कुणाची दुसरी, कुणाची रात्रपाळी, त्यामुळे चूल अशी विझतच नसे. उकड्या तांदळाचा वास भिंतींत मुरलेला असायचा. कुळथाची पिठी रोजची, मासळी स्वस्त मिळाली की तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, आणि महिनाअखेरीला सुकट नि भात. आई मोठ्या तपेल्यात डाव फिरवत असली की तिच्या कांकणांचा आवाज पार दुसऱ्या जिन्यापर्यंत जायचा, आणि त्यावरूनच जेवणाऱ्यांना कळायचं की भात झाला. परब खाणावळ अशी पाटी कुठेच नव्हती. लोक 'परबकाकीकडे' म्हणत, तेवढं पुरायचं.

बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. गिरणीतल्या खडखडाटानं त्यांना थोडं कमी ऐकू यायला लागलं होतं, म्हणून ते बोलायचेही कमी. घरात बोलायचं काम माझा भाऊ भास्कर करायचा. दादा परळच्या एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचा. संध्याकाळी हात घासलेटानं पुसून घरी यायचा, पण नखांतली शाई कधी गेली नाही. छापखान्यात येणारा प्रत्येक मजकूर त्याला आधी उलटा वाचावा लागे, आणि तो गमतीनं म्हणायचा, "कुंदे, सरकारी जाहीरनामा उलटा वाचला तरच कळतो." मी तेव्हा नुकतीच मॅट्रिक झाले होते. मला कॉलेजात घालायचं की नाही यावर घरात चर्चा चालू होती आणि दादा एकटा माझ्या बाजूनं होता.

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. आमच्या माळ्यावरची लहान पोरंसुद्धा गोट्या खेळताना 'झालाच पाहिजे' म्हणून डाव मांडत. दादा सभांना जायचा, कधीकधी स्वतःही बोलायचा. गोळीबाराच्या दिवसांत आमच्या रस्त्यावर संचारबंदी लागली तेव्हा आईनं खाणावळीतल्या सगळ्यांना घरातच ठेवून घेतलं होतं. माणसं पायाला पाय लावून झोपली होती आणि आई पहाटे त्यांच्यामधून वाट काढत पेज वाढत होती. त्या दिवसांत काय काय झालं ते इतरांनी पुष्कळ लिहिलं आहे. मला सांगायची आहे ती गोष्ट त्यानंतरची आहे, आणि ती आमच्या शेजारच्या खोलीपासून सुरू होते.

आमच्या आणि शेजारच्या खोलीच्या मध्ये फळ्यांची भिंत होती. पलीकडे गावडे हवालदार राहायचे. उंच, सावळे, बोलायला मऊ. त्यांची बायको, आमच्या गावडेवहिनी, आईच्याच गावाकडच्या, म्हणून दोघींचं फार जमायचं. नारळ खवायची आईची विळी जास्त वेळ वहिनींकडेच असायची. वहिनींना दोन लहान मुली. आईला सणाला पुरण घालायचं असलं की वहिनी फळीवर थाप मारून विचारायच्या, "डाळ वाटूक येव काय गो?" आणि उत्तराची वाट न पाहता यायच्या. पण आंदोलन पेटलं आणि गावडे हवालदारांची पिवळी टोपी आमच्या माळ्यावर सगळ्यांच्या डोळ्यांत खुपायला लागली. त्यांना बंदोबस्ताला पाठवत ते आमच्याच लोकांपुढे. पूर्वी त्यांचा गणवेश गॅलरीतल्या दोरीवर वाळायचा. आता वहिनी तो आत, साडीखाली झाकून वाळवायला लागल्या. हवालदार येता-जाता खाली बघत. मला ते दिसायचं, पण तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. आम्ही सगळेच तापलेलो होतो.

दादाला नेलं ते पहाटे, नळाला पाणी आलेलं असताना. आई रांगेत कळशी लावून उभी होती. साध्या कपड्यातले तिघे जिना चढून वर आले आणि त्यांच्यातल्या पुढच्यानं गॅलरीतच विचारलं, "भास्कर परब कोण?" दादा मशेरी लावत बसला होता. तो उठला, चूळ भरली आणि म्हणाला, "मी. काय काम आहे?"

"चला आमच्याबरोबर."

"कुठल्या गुन्ह्यासाठी?"

"गुन्हा नाही. स्थानबद्धतेचा हुकूम आहे." त्यानं एक कागद दाखवला आणि दादानं हात पुढे करायच्या आत घडी करून खिशात घातला.

आई धावत आली. कळशी तिनं तशीच नळाखाली सोडली होती. "खंय नेतास तेका?" तिनं विचारलं. साधारणपणे आई चाळीतली मिसळलेली मराठी बोलायची, पण घाबरली किंवा चिडली की अस्सल मालवणीवर यायची. "तेच्या पोटात काय नाय," ती म्हणाली. दादानं सदरा अडकवला आणि तिला म्हणाला, "आई, येतो मी." बाबा रात्रपाळीला होते. ते आले तेव्हा दादाला जाऊन बराच वेळ झाला होता आणि आईच्या कळशीतून पाणी वाहून सगळी मोरी भरली होती. त्याच पहाटे आमच्या चाळीतून आणखी दोन पोरांना नेलं, पण त्यांना दोनचार दिवसांत सोडलं. दादा मुंबईबाहेरच्या एका तुरुंगात आहे, एवढंच आम्हांला बऱ्याच खेपा घातल्यावर कळलं.

छापखान्याच्या मालकांनी आम्हांला गिरगावातल्या मोहिले वकिलांकडे पाठवलं. मोहिले वकिलांचं ऑफिस म्हणजे घरातलीच बाहेरची खोली. आत कुणीतरी पेटी वाजवायला शिकत होतं आणि सारखं एकाच ठिकाणी चुकत होतं. वकील वयस्क होते, धोतर आणि कोट घालायचे. त्यांनी आईला खुर्ची दिली. आई खुर्चीच्या कडेवर बसली. मी उभी राहिले.

"बाई, तुमच्या मुलावर आरोप असता तर मी जामीन मागितला असता," मोहिले म्हणाले. "साक्षीदारांची उलटतपासणी घेतली असती. पण याच्यावर आरोपच नाही. हा पुढे काहीतरी करील असं सरकारला वाटतं, म्हणून याला ठेवलाय."

"वाटतां?" आई म्हणाली. "म्हणजे तेना काय करूक नाय, पण करीत असां तेंका वाटतां?"

"अगदी बरोबर."

"आणि तेवढ्यावर धरतत?"

"कायदा तेवढी मुभा देतो. दुर्दैवानं देतो. पण त्याच कायद्याच्या वर आपली घटना आहे, आणि ती सरकारला एक अट घालते. का धरलं ते त्याला सांगितलं पाहिजे. आणि त्याला उत्तर देता येईल इतकं स्पष्ट सांगितलं पाहिजे."

दादाला तुरुंगात जी कारणं दिली होती त्यांची नक्कल काही दिवसांनी वकिलांकडे आली. मी ती वाचली. 'आपण परळ-लालबाग भागात चिथावणीखोर भाषणे करता व शांततेस धोका निर्माण करता,' एवढंच. कुठल्या सभेत, कधी, कोणते शब्द, काही नाही. मोहिले वकिलांनी चष्मा काढला आणि मला विचारलं, "मुली, तू याला काय उत्तर देशील?"

मी विचार करून म्हटलं, "मी नाही करत, एवढंच म्हणता येईल."

"आणि ते कोण ऐकणार? यालाच मोघम म्हणतात. मोघम आरोपाला निरपराध माणसाकडेसुद्धा उत्तर नसतं." मग त्यांनी हेबियस कॉर्पसचा अर्ज म्हणजे काय ते समजावलं. माणूस कोणत्या अधिकारानं डांबलाय ते कोर्टापुढे सिद्ध करा, नाहीतर त्याला सोडा, असं हायकोर्टानं सरकारला बजावायचं. अर्ज आईच्या नावानं करायचं ठरलं. बाबांनी सही करायची तयारी दाखवली होती, पण आई म्हणाली, "माझ्या पुढ्यातून नेलानी. मीच विचारतंय."

इकडे चाळीत दुसरंच चाललं होतं. दादाचं नाव पोलिसांना कुणी दिलं, ही चर्चा नळावर सुरू झाली आणि गावडेवहिनींच्या दारात जाऊन थांबली. दुसरं कोण देणार? नवरा पोलिसात. फळीच्या भिंतीतून आमच्या घरातलं सगळं ऐकू जातं. वहिनींना चौकीवर जाताना कुणीतरी पाहिलंय म्हणे. बघता बघता सगळ्यांना ते माहीतच असल्यासारखं झालं. नळावर वहिनींची बादली मागे सारायला लागले. त्यांच्या मुलींना कुणी खेळायला घेईना. एकदा त्यांची धुतलेली चादर दोरीवरून खाली मोरीत पडलेली मी पाहिली. ती वाऱ्यानं पडली नव्हती. आईनं यातलं काही केलं नाही, पण तिनं फळीला पाठ केली ती केलीच. विळी वहिनींनी आपणहून आणून उंबऱ्यावर ठेवली. आईनं ती उचलली, राखेनं घासली आणि आत ठेवून दिली. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "माझ्या घरातला बोलणां आणखी कोणाच्या कानार पडतां? सांग तूच."

हायकोर्टात सुनावणी होती त्या दिवशी आईनं खाणावळ बंद ठेवली. माझ्या आठवणीत ती एकदाच. जाड काठाचं नऊवारी नेसून ती माझ्याबरोबर ट्रामनं निघाली. कोर्टाच्या उंच छताकडे तिनं एकदा बघितलं आणि मग सगळा वेळ न्यायमूर्तींच्या तोंडाकडे बघत राहिली. सगळं इंग्रजीत चाललं होतं. मला निम्मंअर्धं कळत होतं, ते मी तिच्या कानात सांगत होते. सरकारी वकील म्हणाले की माहिती कुणाकडून मिळाली हे जनहितासाठी सांगता येत नाही. त्यावर न्यायमूर्ती म्हणाले, नावं कुणी मागितली आहेत? यानं काय केलं ते तरी सांगा. सभा कोणती? दिवस कोणता? सरकारी वकिलांनी कागद चाळले. न्यायमूर्ती थांबले. तो थांबलेला क्षण मला अजून आठवतो. वर पंखा फिरत होता आणि एवढा मोठा सरकारचा माणूस एका साध्या प्रश्नाला उत्तर शोधत होता. शेवटी न्यायमूर्ती म्हणाले, ज्या माणसाला आपण काय केलं हेच सांगितलेलं नाही त्यानं स्वतःचा बचाव कशापासून करायचा?

"काय म्हणाले?" आईनं विचारलं. मी सांगितलं. तिनं न्यायमूर्तींवरची नजर काढली नाही. मग म्हणाली, "परत सांग." मी पुन्हा सांगितलं.

निकाल पुढच्या आठवड्यात देऊ असं सांगून कोर्ट उठलं.

आम्ही परत आलो तेव्हा जिन्याखालच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं होतं: रविवारी जेवणानंतर पटांगणात सभा, विषय गावडे यांची खोली. तिथेच दळवीमामा उभे होते. दळवीमामा चाळ कमिटीचे प्रमुख. आयुष्य गिरणीत गेलेलं, दोन वेळा संपात तुरुंगात गेलेले, सगळ्यांच्या अडीअडचणीला धावणारे. त्यांच्याबद्दल मला आजही आदर आहे. ते आईला म्हणाले, "परबवहिनी, काळजी करू नका. तुमच्या भास्करला आत घालणारी माणसं या चाळीत राहणार नाहीत. ठराव झाला की मालकाला सांगून खोली खाली करून घेतो. तोपर्यंत पाणी नाही, दिवाबत्ती नाही, कुणी बोलायचं नाही."

आईनं मान हलवली आणि वर आली.

घरात आल्यावर मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आई, वहिनींना कुणी विचारलं का?"

"काय विचारूचा?"

"हेच. तुम्ही सांगितलं का, म्हणून."

"चोर काय हो म्हणतलो?"

"दादालाही सरकार चोरच समजतं."

आई चुलीत फुंकर घालत होती. ती वळली. धुरानं की रागानं, तिचे डोळे लाल झाले होते. "तू कोणाच्या बाजूची गो?"

"मी दादाच्या बाजूची आहे," मी म्हटलं. "आज कोर्टात त्याच्यासाठी जे मागितलं तेच मी मागतेय. का धरलं ते सांगा आणि त्याचं ऐका. तुला ते दोनदा ऐकायचं होतं ना?"

तिनं हातातली फुंकणी जोरात खाली ठेवली. "भास्कर निरपराधी आसा! तू तेची बरोबरी हिच्याशी करतंस?" त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. जेवण वाढताना भात माझ्या ताटात नेहमीपेक्षा लांबून पडायचा. बाबा एकदा हळूच म्हणाले, "पोरी, थोडं थांब. तिच्या डोक्यात चाललंय." बाबांना कमी ऐकू यायचं म्हणतात, पण त्या घरात न बोललेलं त्यांनाच जास्त ऐकू यायचं.

रविवारी पटांगण भरलं. दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्यांतून बायका वाकून उभ्या. आमच्या खाणावळीतला तुकाराम तावडे पुढेच बसला होता, कारण वहिनींचं नाव सर्वांत मोठ्यानं तोच घेत होता. तो दादाचा मित्र होता आणि दादा गेल्यापासून त्याचं जेवण अर्ध्यावर आलं होतं. गावडे हवालदार बंडी आणि लेंगा घालून, डोक्याला मफलर गुंडाळून एका कोपऱ्यात उभे होते. वहिनी त्यांच्या मागे, दोन्ही मुलींचे हात धरून.

दळवीमामा उभे राहिले. चळवळीबद्दल बोलले, पकडलेल्या पोरांबद्दल बोलले, आणि मग म्हणाले, "फितुरांना या चाळीत जागा नाही. सगळ्यांना माहीत आहे, मी नाव घेत नाही. ज्यांना ठराव मान्य आहे त्यांनी हात वर करा."

हात वर जायला लागले. तेवढ्यात मी बोलले. आवाज माझा आहे हे मलाच आधी कळलं नाही. "दळवीमामा, नाव घ्या," मी म्हटलं. "कुणी, केव्हा, कुणाला काय सांगितलं ते सांगा, आणि मग हात वर करा."

हसू फुटलं. कुणीतरी ओरडलं, "ए पोरी, तुझा भाऊ आत आहे ना?" दळवीमामा मात्र हसले नाहीत. ते वर आमच्या गॅलरीकडे बघून म्हणाले, "परबवहिनी, तुमच्या मुलीला आवरा. हे सगळं तुमच्यासाठीच चाललंय."

आई गॅलरीतून निघाली. जिन्यावर तिच्या पायांचा आवाज खालीपर्यंत येत राहिला. ती खाली येऊन दळवीमामांच्या समोर उभी राहिली. मला वाटलं ती मला ओढत घेऊन जाणार. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही.

"माका अजून वाटतां, हिनाच सांगल्यान," ती गावडेवहिनींकडे हात करून म्हणाली. वहिनींनी मान खाली घातली. "रोज वाटतां. भास्कराचा ताट मांडलंय की वाटतां. पण माझो झील नुसत्या वाटण्यावरच आत बसलोहा, मामानू. ता मी कोर्टात जाऊन विचारलंय, तुमी मोघम कित्याक बोलतास म्हणून. आता हय येऊन तसांच कसां करू? हिका सांगा, काय केल्यान ता. कधी, कोणाकडे. मगे तिका बोलूक द्या. आणि माझ्या नावान करतास तर माका विचारून करा."

दळवीमामांच्या चेहऱ्यावर राग होता, पण तो माणूस संपातल्या चौकशांना तोंड दिलेला माणूस होता. आपल्याला काय म्हटलं जातंय हे त्यांना इतरांच्या आधी कळलं. ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "बरं. बोल तुकाराम. तुला काय माहीत आहे?"

तुकाराम उठला. "वहिनी चौकीवर गेल्या होत्या. भास्करला नेलं त्याच्या आदल्या दिवशी."

"तू पाहिलंस?"

"मी नाही. नलूमावशींनी पाहिलं."

नलूमावशी दुसऱ्या माळ्यावरून म्हणाल्या, "मी काही बघितलं नाही हो. मला दूधवाल्या भैय्यानं सांगितलं, पोलिसात नाव दिलं म्हणून."

भैय्या पटांगणाच्या दारातच टेकून तमाशा बघत होता. त्याला पुढे आणलं. तो घाबरून म्हणाला, "नाव का हम कुछ नहीं बोला. हम बोला, हवालदारीण डब्बा लेके चौकी में गयी थी. रोते रोते गयी थी. बस."

एक आरोप गॅलऱ्यांतून उतरत खाली आला आणि एका डब्यावर येऊन संपला. मी वहिनींकडे पाहिलं. दळवीमामा म्हणाले, "बाई, तुम्ही गेला होतात?"

"गेलंय," वहिनी म्हणाल्या. "दोन दिवस गेलंय."

"कशाला?"

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. हवालदारांनी मान हलवली, नको म्हणून. पण त्या पुढे झाल्या आणि त्यांनी स्वतः त्यांचा मफलर सोडला. कानाच्या वर केस कापलेले होते आणि तिथे टाक्यांचा लांब व्रण होता, अजून लालसर. "दगड लागलो," वहिनी म्हणाल्या. "आपल्याच नाक्यार. घराक येऊ नकात म्हटलां, लोक बघतले, दगड कोणाचो ता विचारतले. म्हणून चौकीतच निजले. मी डबो घेऊन जाय होतंय. कोणाक बोललंय नाय, कारण दगड टाकणारेव आपलेच होते."

मागे कुणीतरी म्हणालं, "मग त्या दगडाच्या रागानंच दिलं असेल नाव!"

हे खरंही असू शकत होतं. इतक्या वर्षांनी मी प्रामाणिकपणे सांगते, जखम दिसली म्हणून वहिनी निर्दोष ठरल्या असं नाही. उलट राग धरायला त्यांना कारणच मिळालं होतं. पुढे मी वकिलीत आयुष्य काढलं आणि अशीच प्रकरणं जास्त पाहिली, ज्यांत पडदा उघडला तरी मागे काही स्पष्ट दिसत नाही. त्या दिवशी आई मागे वळून म्हणाली, "असात. पण 'असात' म्हणून दोन पोरींका रस्त्यार काढूचां?"

दळवीमामांनी पुन्हा हात वर करायला सांगितलं. या वेळी काही हात वर गेले, पुष्कळसे गेले नाहीत. तुकारामाचा हात अर्धा वर गेला आणि त्यानं तो स्वतःच खाली घेतला. ठराव झाला नाही. टाळ्या नाहीत, काही नाही. माणसं कुरकुरत उठली. दोघातिघांनी त्या दिवसापासून आमच्या खाणावळीत जेवणं सोडलं. आई जाताना वहिनींसमोर थांबली. मला वाटलं आता तरी ती त्यांच्या खांद्यावर हात ठेवील. ती म्हणाली, "माझो विश्वास बसलो असां नाय. पण उद्या नळार तुझ्या जागेर ये."

वहिनी दुसऱ्या दिवशी आल्या. कुणी सरकेना. तेव्हा आईनं स्वतःची कळशी मागे घेतली आणि वहिनींची बादली पुढे ढकलली. आमची पाळी त्या दिवशी शेवटी आली आणि पाणी जाऊन अर्धीच कळशी भरली.

त्याच आठवड्यात निकाल लागला. कारणं मोघम आहेत, त्यांवर स्थानबद्धाला आपली बाजू मांडता येणं शक्य नाही, म्हणून हुकूम बेकायदा. मोहिले वकिलांनी ते मला मराठीत समजावून सांगितलं, आणि आईला पेढा देऊ केला तर ती म्हणाली, "आधी तो घरात येऊंदे." दादा आला तेव्हा गालफडं बसलेली होती आणि दाढी वाढलेली. तो येऊन भिंतीला टेकून बसला आणि आई त्याला ताटावर ताट वाढत राहिली. तुकाराम त्याच्याशेजारी बसून पोटभर जेवला.

सभेतली हकीकत कळल्यावर दादा खूश होईल असं मला वाटलं होतं. तो चिडला. तुरुंगात बसून त्यानंही गावड्यांचंच नाव धरलं होतं. "मी तिथे सडत होतो आणि तुम्ही इथे त्यांची वकिली करत होतात?" तो म्हणाला. मी रडवेली झाले. आई पाटावर बसून नारळ खवत होती. ती खवता खवता म्हणाली, "तुका सोडवक जां मागलां तां मागूक माका लाज वाटूची नाय, म्हणून केलां. तुझ्यासाठी एक आणि तिच्यासाठी दुसरां असां माका जमाचां नाय." दादा उठून गॅलरीत गेला. किती दिवस तो गावड्यांशी बोलला नाही ते मला सांगता येणार नाही, पण बरेच. मग एकदा वहिनींच्या धाकटीला ताप आला आणि हवालदार बंदोबस्तावर होते, तेव्हा दादानंच तिला खांद्यावर टाकून परळच्या दवाखान्यात नेलं. मला कॉलेजात घालायचा वाद मात्र त्या सुमारास संपला. आईनंच संपवला.

आमची चाळ होती तिथे आता टॉवर झाला आहे. माझी नात कायदा शिकते आणि मला विचारते, आजी, शेवटी नाव कुणी दिलं होतं? मी सांगते, आम्हांला कधीच कळलं नाही. तिला ते पटत नाही. गोष्टीत असं चालत नाही, म्हणते.

महाराष्ट्र झाला त्या दिवशी सगळ्या चाळी दिव्यांनी भरल्या होत्या. खाली लेझीम चाललं होतं, दळवीमामा गुलालानं ओळखू येत नव्हते, आणि आईनं खाणावळीतल्या सगळ्यांसाठी कोंबडी आणि वडे केले होते. पहिला घाणा उतरल्याबरोबर तिनं एका ताटात वडे काढले आणि ते घेऊन ती शेजारच्या दारात गेली. मी तिच्या मागेच होते. गावडेवहिनी दारात आल्या. ताट बघितलं आणि घेतलं नाही. त्यांनी आईच्या डोळ्यांत बघून विचारलं, "आता तरी पटलां, मी सांगूक नाय ता?"

खोटं बोलायला तो दिवस फार सोपा होता. आईनं ताट मागे घेतलं नाही.

"माका म्हायत नाय," ती म्हणाली. "घे गो. वडे निवतत."

वहिनींनी ताट घेतलं, आत गेल्या, आणि दार उघडंच ठेवलं.